साडूचा कोपऱ्याचा प्लॉट

माझा साडू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे आणि लग्न झाल्या दिवसापासून माझ्या पुढे आहे. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण साडूची बायको तिची सख्खी धाकटी बहीण.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. एकतीस वर्षं नट-बोल्ट, बेअरिंगा, तेलाचे डबे मोजून घेतले आणि मोजून दिले. साडूचं दिंडोरीला दुकान आहे, द्राक्षबागांवर फवारायच्या औषधांचं. माणसं त्याच्याकडे औषध घ्यायला येतात आणि तासभर बसून, चहा पिऊन, घरातलं सगळं सांगून जातात. माझ्या स्टोअरच्या खिडकीशी कधी कुणी दोन मिनिटं जास्त थांबलं नाही. आमची सासुरवाडी कळवणची. दिवाळीला दोघं एकदम गेलो की सासूबाई मला म्हणायच्या, "जावईबापू, बसा ना, पंखा लावते." आणि त्याला थेट स्वयंपाकघरात हाक मारायच्या, "भाजीचं मीठ बघा बरं जरा." मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून आतलं हसणं ऐकायचो.

प्लॉटची कल्पना सासऱ्यांची. दोन्ही मुलींची नाशकात हक्काची जागा असावी, असं त्यांच्या मनात होतं. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे तेव्हा नुसती शेतं होती. मध्येच एक लेआऊट पडला होता. त्यातले शेजारशेजारचे दोन प्लॉट त्यांनी हेरले. दोन्ही अडीचशे वारांच्या आसपास. एक कोपऱ्याचा, मोठ्या रस्त्याला लागून. दुसरा त्याच्या मागे, आतल्या गल्लीत. पैसे ज्याचे त्यानं घालायचे होते. सासऱ्यांनी आम्हा दोघांना उन्हात उभं केलं आणि मला म्हणाले, "मोठे तुम्ही. पहिली निवड तुमची."

कोपऱ्याचा प्लॉट थोडा महाग होता. फार नाही, पण तेवढ्यासाठी मला पतपेढीचं कर्ज वाढवावं लागलं असतं. शिवाय त्याच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग होता. पैशाचं कारण सासऱ्यांसमोर सांगायची लाज वाटली. म्हणून मी जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी धूळ. राहायचं तर माणसानं आत राहावं, शांत."

साडू हसला. "मग ऱ्हायला तो आपला!"

एवढंच झालं. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. निवड माझी होती, आणि म्हणूनच पुढची वीस-बावीस वर्षं मला ती जास्त लागली. दुसऱ्यानं फसवलं असतं तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

पुढे मोठा रस्ता रुंद झाला, काँक्रीटचा झाला. कचऱ्याचा ढीग गेला, तिथे रिक्षा थांबायला लागल्या. आजूबाजूला इमारती उठल्या. नातेवाइकांत कुणी प्लॉटचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं, "धाकट्या जावयाचा प्लॉट म्हणजे सोनं आहे बरं का." मग माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणायचं, "तुमचाही चांगलाच आहे, आत असला तरी." हा 'असला तरी' मला घशात अडकलेल्या काट्यासारखा वाटायचा.

आम्ही दोघांनीही घर बांधलं नाही. मी सिडकोतल्या घरातच राहिलो, तो दिंडोरीत. दर तीन-चार महिन्यांनी मी माझ्या प्लॉटवर जायचो, वाढलेलं गाजरगवत काढून घ्यायचो. साडूच्या प्लॉटवर उन्हाळ्यात रसवंती लागायची. रसवंतीवाला मला ओळखायचा. घामाघूम होऊन गल्लीतून बाहेर आलो की तो ओरडायचा, "या काका! मालकांचे साडू ना तुम्ही, तुमच्याकडून पैसे नाही घेणार." आलं-लिंबू घातलेला तो रस मी प्यायचो आणि मालक हा शब्दही त्याच्याबरोबर गिळायचो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मध्यंतरी पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदाई झाली, तेव्हा आमच्या दोन प्लॉटांमधले हद्दीचे दगड गेले. मी माझ्या प्लॉटला खांब आणि काटेरी तार लावायचं ठरवलं. साडूला फोन केला तर म्हणाला, "लावून घ्या साडूभाऊ, तुम्ही असल्यावर मी कशाला पाह्यजे?" दुपारची वेळ होती. दोरीचं एक टोक गवंड्याच्या हातात, दुसरं माझ्या. ती दोरी जरा साडूच्या बाजूला सरकली. सरकली म्हणण्यापेक्षा मी सरकवली. फूटभर. त्या फुटाचं मला काय करायचं होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण खांब रोवून झाल्यावर घरी येताना मला फार बरं वाटलं होतं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी एक एजंट घरी आला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. एका बिल्डरला आमच्या भागात जागा हवी होती. एजंटनं वाराचा भाव सांगितला. मला तो बरा वाटला. मी विचारलं, "आणि शेजारच्या प्लॉटचं काय?"

"काका, त्यांचा विषय वेगळा आहे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ते तर हो म्हणून बसलेत. तुमचा रेट त्यांना बोलू नका, त्यांचा तुम्ही विचारू नका. नात्यात वाकडं येतं उगाच."

मी साडूला विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं असं नाही, पण विचारलं असतं तर मला त्याचं पडलंय हे त्याला कळलं असतं. चार दिवसांनी बायको मेथी निवडत बसली होती. बहिणीशी फोनवर बोलून झालं होतं.

"त्यांना वाराला सहा हजार जास्त देतायत म्हणे आपल्यापेक्षा," ती मेथीकडे बघतच म्हणाली.

"किती?"

"सहा हजार. कोपऱ्याचा आहे ना त्यांचा."

मी उठून गॅलरीत गेलो. खाली एक माणूस स्कूटर पुसत होता, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलो. एकच माती, एकच लेआऊट, एकाच दिवशी खरेदी झालेली. त्या दिवसापासून मला मिळणारा आकडा मी विसरलो. वाराला मला किती मिळतायत, हे कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर मला आठवलं नसतं. सहा हजार मात्र तोंडपाठ होते. जेवताना सहा हजार, भाजी आणताना सहा हजार.

कारखान्यातला माझा एक जुना सहकारी आहे. आम्ही सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जातो. त्याला मी हे सांगितलं, अर्थात माझ्या पद्धतीनं: मला माझ्या प्लॉटचा योग्य भाव मिळत नाहीये, एवढंच.

"योग्य म्हणजे किती?" त्यानं विचारलं.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"अरे, एजंट सांगतो तो त्याच्या सोयीचा भाव. माझं घर बँकेत तारण ठेवलं तेव्हा बँकेनं काय एजंटला विचारलं? व्हॅल्युअर पाठवला. जाऊन ये एकदा व्हॅल्युअरकडे. फी जाईल, पण आकडा खरा येईल."

मला खरा आकडा नकोच होता. कोपऱ्याला सहा हजार जास्त देणं चूक आहे, असा सही-शिक्क्याचा कागद मला हवा होता. तो घेऊन मी बिल्डरकडे गेलो असतो, कदाचित कळवणलाही गेलो असतो.

सहकाऱ्यानं सुचवलेल्या व्हॅल्युअर म्हणजे पन्नाशीच्या एक बाई निघाल्या. सिव्हिल इंजिनिअर. कॅनडा कॉर्नरजवळ पहिल्या मजल्यावर छोटं ऑफिस, भिंतीला शहराचा विकास आराखडा लावलेला.

"कशासाठी हवंय मूल्यांकन?" त्यांनी विचारलं.

"विकायचाय प्लॉट."

"विकायचाय की भांडायचंय?" त्या सहज म्हणाल्या. "दोन्हींसाठी लोक येतात माझ्याकडे. आधी कळलेलं बरं."

"विकायचाय," मी जरा मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी कागदांची यादी दिली. खरेदीखत, सातबारा, बिनशेतीचा आदेश, लेआऊटचा नकाशा. फी ऐकून मी खुर्चीत सरकलो. विचारलं, "भाव जास्त निघाला तर फी पण जास्त का?"

"नाही. भाव कितीही निघो, फी तीच. भावावर माझी फी ठरायला लागली तर माझ्या आकड्यावर तुम्हीसुद्धा विश्वास ठेवू नका."

ठरलेल्या दिवशी सकाळी त्या म्हसरूळला आल्या. बरोबर मोजायचं यंत्र, पाठीवर सॅक, डोक्याला टोपी. मला वाटलं होतं, दहा मिनिटं बघतील आणि आकडा सांगतील. त्या दोन तास होत्या. माझा प्लॉट चारी बाजूंनी मोजला. गल्लीची रुंदी मोजली. चालत जाऊन मोठ्या रस्त्याची रुंदी मोजली. ड्रेनेज कुठून जातं, पावसात पाणी कुठे साचतं, हे समोरच्या घरातल्या आजोबांना विचारलं. मी मधूनमधून त्यांना कोपऱ्याकडे नेत होतो.

"हा बघा, मॅडम, याला दोन बाजूंनी रस्ता. म्हणजे धूळ. आणि ही विजेची डीपी बघा, किती जवळ आहे."

"त्या प्लॉटचे कागद माझ्याकडे नाहीत, काका," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बघू आधी."

मग त्या माझ्या काटेरी तारेपाशी थांबल्या. यंत्र लावलं, वहीत बघितलं, परत लावलं.

"तुमच्या खरेदीखतापेक्षा जागेवर पाच-सहा वार जास्त भरतायत. तार कुणी लावली?"

"गवंड्यानं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

बारा दिवसांनी अहवाल तयार झाला. मी ऑफिसात गेलो तेव्हा फाइल टेबलावर होती. ती उघडायच्या आधीच मी विचारलं, "कोपऱ्याला जास्त मिळायला पाहिजे का?"

"हो," त्या म्हणाल्या.

दोन महिने ज्या 'नाही'ची वाट बघत होतो, तिथे एवढंसं 'हो' आलं. मला खरोखर त्यांचा राग आला. फी मी दिली होती.

"सहा हजार?"

"इतका नाही, पण फरक आहे. तुम्ही ग्राहक असतात तर तुम्हीही कोपऱ्याचे जास्त दिले असतेत." त्यांनी नकाशा माझ्याकडे वळवला. "पण काका, तुम्ही सगळा वेळ या दोन आकड्यांमधला फरक बघताय. दोन्ही आकडेच कमी आहेत."

आणि मग त्यांनी मला जे समजावलं ते मी वीस वर्षं त्या गाजरगवतात उभा राहूनही पाहिलं नव्हतं. माझी गल्ली अरुंद. अरुंद रस्त्यावर फार उंच बांधायला परवानगी मिळत नाही, म्हणून माझा प्लॉट एकटा असेल तर त्याचा भाव तेवढाच. साडूच्या प्लॉटला मोठा रस्ता आहे, उंच बांधता येईल. पण दोन्ही रस्त्यांकडून जागा सोडावी लागते. ती सोडून आणि पार्किंग काढून इमारतीला फारसं काही उरत नाही. दोन्ही प्लॉट एक केले तर मात्र माझ्या जागेलाही मोठ्या रस्त्याचा फायदा मिळतो आणि त्याच्या जागेला रुंदी मिळते. आसपासच्या अलीकडच्या खरेदीखतांतून त्यांनी तसे दोन व्यवहार शोधून काढले होते. अशा जोडजागेचा वाराला जो भाव गेला होता, तो एजंटनं मला सांगितलेल्या भावापेक्षा तर जास्त होताच, साडूला सांगितलेल्या भावापेक्षाही चांगलाच जास्त होता.

"बिल्डरला हे माहीत असेल?" मी विचारलं.

"त्याचा धंदाच तो आहे. म्हणून तर तो तुम्हा दोघांशी वेगवेगळं बोलतोय."

फाइल घेऊन मी खाली आलो आणि रिक्षात बसून चाळली. प्रत्येक पानावर सही, शिक्का. चौथ्या पानावर लिहिलं होतं: प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्र दस्तऐवजापेक्षा जास्त असून कुंपण कोपऱ्याच्या प्लॉटच्या दिशेने सरकलेले दिसते, मूल्यांकनासाठी दस्तऐवजातील क्षेत्र धरले आहे, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

सरळ माणसानं त्याच दिवशी साडूला फोन केला असता. मी फाइल कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली. बायकोला म्हणालो, अजून आली नाही. चौथं पान हे एक कारण होतं. दुसरं कारण सांगायला जास्त अवघड आहे. फी मी भरली, उन्हात मी उभा राहिलो, आणि याचा फायदा त्याला? घरबसल्या? शिवाय फायदा झाल्यावरही त्याला वाराला माझ्यापेक्षा जास्तच मिळणार. माझ्या पैशानं मी त्याला आणखी पुढे ढकलणार.

आठ दिवस असे काढल्यावर माझ्या डोक्यात एक कल्पना आली. माझ्याशिवाय बिल्डरची इमारत होत नाही, मग मी एकटाच जाऊन माझा भाव का वाढवून घेऊ नये? मी एजंटला न सांगता बिल्डरच्या ऑफिसात गेलो. फाइल घरीच ठेवली, तोंडी बोललो. माझा प्लॉट मिळाल्याशिवाय तुम्हाला रुंदी मिळत नाही वगैरे. बिल्डर वयानं माझ्या मुलाएवढा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मला कॉफी दिली.

"काका, अभ्यास चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "पण तुमचे साडू सोमवारी टोकन घेतायत. ते झालं की मग तुमच्याशी निवांत बोलू. तुमच्या गल्लीतून दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं तर बघा तोवर."

कॉफीचा घोट तोंडातच राहिला. साडूनं एकट्यानं सही केली की जोडजागेचा भाव संपला. कोपरा बिल्डरच्या हातात आणि मी गल्लीत. मग तो म्हणेल तो भाव मला घ्यावा लागणार होता.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी मी फाइल घेऊन दिंडोरीच्या बसमध्ये बसलो. हे मी मोठेपणानं केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी घाबरून गेलो होतो. वाटेत ढकांबे गाव मागे पडल्यावर चौथं पान काढून टाकता येईल का, तेही बघितलं. पण पानांना क्रमांक होते, आणि पाचव्या पानावर चौथ्याचा उल्लेख होता. बाई पक्क्या होत्या.

साडू दुकानातच होता. मला बघून गल्ल्यावरून उठला. "साडूभाऊ! आन फोन नाय, काय नाय? च्या सांगू का आधी?"

"आधी हे वाचा," मी म्हणालो.

तो वाचायला बसला. मी औषधांच्या डब्यांवरची चित्रं बघत राहिलो: द्राक्षाचा घड, त्यावर अळी, अळीवर फुली. तो सावकाश वाचतो, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. पहिली तीन पानं झाली. चौथ्यावर बोट थांबलं. एका ओळीवर दोनदा फिरलं.

"तार लावायला तुम्हीच होते ना?" त्यानं वर न बघता विचारलं.

"हो."

"मी म्हनलो होतो, तुम्ही असल्यावर मी कशाला पाह्यजे."

इतक्या वर्षांत मी त्याला न हसता पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याचा चेहरा मला अनोळखी वाटला. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं उरलेली पानं वाचली, फाइल बंद केली, आणि गल्ल्यात दोन गिऱ्हाइकांचे पैसे घेतले. मग म्हणाला, "टोकनचं मला काय म्हनले ते, माहितीये का? तुमचे साडू हो म्हनून बसलेत. तुम्हीच अडून बसले."

"मला पण तेच सांगितलं. तुम्ही हो म्हणून बसलात म्हणून."

"आन आपन एकमेकाला इचारलं नाय."

"नाही."

त्यानं थोडा वेळ फाइलच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "या मॅडमचा नंबर द्या. माझ्या प्लॉटचं पन करून घेतो."

"पण यात सगळं आहेच की. परत फी कशाला?"

"हे तुमचं हाय, साडूभाऊ," तो म्हणाला. "माझं मला पाह्यजे."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. बसपर्यंत सोडायला तो आला नाही; नेहमी येतो. मला ते लागलं. गंमत अशी की इतकी वर्षं त्याच्या त्या आपुलकीचाही मला त्रासच होत होता.

सोमवारी त्यानं टोकन घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात बाई परत म्हसरूळला गेल्या, या वेळी त्याच्यासाठी. मला कळलं ते बायकोकडून. बायकोला तोवर बहिणीकडून तारेचंही कळलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "एक फूट? निदान विचारायचं तरी होतं, मी सांगितलं असतं की तिथे काही उगवत नाही." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

दोन्ही अहवाल आल्यावर बाईंनी आम्हाला एकत्र बोलावलं. आम्ही दोघं त्यांच्या टेबलासमोर शेजारी बसलो, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून. त्यांनी कागदावर तीन आकडे लिहिले: माझा एकट्याचा, त्याचा एकट्याचा, दोघांचा मिळून. तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ मोठा होता. हा जास्तीचा भाग कुणामुळे येतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणा एकामुळे नाही. म्हणून तो निम्मा-निम्मा वाटावा, असं माझं मत. बाकीचं ज्याच्या त्याच्या प्लॉटच्या किमतीप्रमाणे."

म्हणजे शेवटी कोपऱ्याला माझ्यापेक्षा जास्तच. पण किती आणि का, ते आता समोर लिहिलेलं होतं, आणि त्यात खोट काढायला मला जागा सापडत नव्हती. मी फार शोधली.

"फुटाचं काय?" साडू म्हणाला.

"मोजणी करून घ्या. खरेदीखताप्रमाणे ज्याचं त्याला," बाई म्हणाल्या. "एक केल्यावर तार तशीही निघणारच आहे."

मोजणी झाली. तार मी स्वतः जाऊन काढली. साडू त्या दिवशी आला नव्हता, रसवंतीही लागली नव्हती, तेवढं बरं झालं.

बिल्डरकडे मात्र आम्ही बरोबर गेलो, आणि तिथे पुन्हा तेच झालं जे आयुष्यभर होत आलंय. फाइल माझ्या मांडीवर होती, आकडे मला पाठ होते, पण बोलला तो. बिल्डरला त्याच्या गावचं विचारलं, बागेचं विचारलं, दोघांची कुठलीशी ओळख निघाली, हसणं झालं. मग सहज म्हणाला, "आता दोघं मिळून एकच भाव सांगतो बघा. मॅडमच्या कागदापरमानं. जमलं तर जमलं, नायतर गवत वाढतंय तिथं, वाढू द्या." बिल्डरनं दोन बैठका ताणून धरलं. तिसऱ्या बैठकीत आमचा आकडा थोडा उतरवून का होईना, मान्य केला. एजंट नंतर आमच्याकडे कधी फिरकला नाही.

व्यवहार झाल्यावर आम्ही चौघं कळवणला गेलो, सासूबाईंना पेढे द्यायला. सासरे आता नाहीत. सासूबाईंनी पेढा घेतला आणि धाकट्या जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "काय बाई भाव आणला माझ्या बापूनं! शेवटी बोलता यावं लागतं."

मी पंख्याखाली बसलो होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

साडू म्हणाला, "नाय हो आई. साडूभाऊंनी त्या मॅडम शोधल्या नसत्या तर मी सोमवारीच सही ठोकली असती. लय सस्तात गेलो असतो."

त्यानं तारेचा विषय काढला नाही. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हो का जावईबापू? बरं केलंत," आणि मला दुसरा पेढा दिला. मी तो घेतला. साडूनं मला माझं श्रेय दिलं, तेही सगळ्यांसमोर, आणि ते त्याच्या हातून मिळालं म्हणून मला गोड लागलं नाही. आपण असे आहोत हे माणसाला साठीनंतर कळून काय करायचं, ते मला ठाऊक नाही.

आता ओळखीत कुणी घर किंवा जागा विकायला काढली की मी बाईंचा नंबर देतो. फीची कुरकुर केली तर सांगतो, फी द्या, आणि त्या सांगतील ते शेवटपर्यंत ऐका. आपण नेमकं जे बघत नसतो तेच त्या बघतात. लोकांना वाटतं, मी फार व्यवहारी माणूस आहे.

माझ्या वाट्याच्या पैशातून मुलीच्या फ्लॅटचं कर्ज बरंचसं फिटलं. साडूनं दिंडोरीजवळ तयार द्राक्षबाग घेतली. यंदा माल निघायच्या दिवसांत त्यानं आम्हाला बोलावलं. मला वाटतं, तो फुटाचं विसरलाय. निदान बसपर्यंत सोडायला पुन्हा येतो. बाग सुरेख होती. मांडवाखाली वाकून चालावं लागत होतं, दोन्हीकडे घड लोंबत होते, एकसारखे, भरलेले. त्यानं माझ्या हातात कात्री दिली. "तुम्हाला आवडंल तो घड तोडा, साडूभाऊ. पाह्यजे तो."

मी बराच वेळ हिंडून सगळ्यात मोठा घड तोडला. तिथेच उभं राहून चार मणी खाल्ले. इतकी गोड द्राक्षं मी यंदा खाल्ली नव्हती.

"कशी हायेत?" त्यानं विचारलं.

"चांगली आहेत," मी म्हणालो. "जराशी आंबट आहेत, पण चांगली आहेत."